मोघे बहनजी आणि ‘फुर्रटम्’

विद्युल्लताबाई मोघे हसतात, हे काशीतल्या आम्हा मराठी मंडळींना कळलं तेव्हा बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. तोवर सगळ्यांची खात्री होती की देवाने या बाईला सगळं दिलं, हसू तेवढं द्यायचं विसरला. खरं तर तसं नव्हतं. बाईंना हसू यायचं. पण ते एखाद्या दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला संधी बघून, नाहीतर लग्नपत्रिकेतली भलतीच विभक्ती वाचून. आपण का हसतोय हे शेजारच्याला समजावून सांगेपर्यंत त्यांचंच हसू ओसरायचं. मग त्यांनी एकटीनेच, आतल्या आत हसायची सवय लावून घेतली.

मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर. घरात थोरले भाऊ बिंदुमाधव आणि वहिनी प्रेमला. बिंदुमाधव दशाश्वमेधावर बसायचे. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे संकल्प सांगायचे, श्राद्धं करायचे, कुठे उतरायचं आणि काय खायचं तेही सांगायचे. प्रेमलावहिनी जबलपूरच्या, बोलक्या आणि हौशी. वडील, दत्तात्रेयशास्त्री, घरीच व्याकरण शिकवत. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांबरोबर विद्युल्लताबाई शिकल्या आणि त्या सगळ्यांच्या पुढे गेल्या. पुढे आई गेली, वडिलांचं आजारपण लांबलं, आणि लग्नाचं राहूनच गेलं. त्यात कुणाचा दोष नव्हता. बाई एका मुलींच्या इंटर कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. तिथे त्या ‘मोघे बहनजी’. त्यांचा तास असला की पोरी ओढणी नीट करून, श्वास रोखून बसत.

सत्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर गोदौलियाकडच्या एका थेटरात एक सिनेमा लागला. त्यातला नायक ट्रक चालवायचा, आणि पोलीस असो की गुंड, चहूकडून घेरला गेला की छाती पुढे काढून म्हणायचा, “बात खतम, बाबू फुर्रटम्!” आणि ट्रकसकट पसार व्हायचा. सिनेमा बाकी काही फार बरा नव्हता म्हणतात. पण आठवड्याभरात ते वाक्य शहरभर झालं. घाटावरचा मल्लाह नाव पाण्यात ढकलताना तेच म्हणायचा, पानवाला विडा हातावर ठेवताना तेच. रिक्षावाले एकमेकांना ओलांडताना तेच ओरडायचे. फुर्रटम् म्हणजे नक्की काय ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

एकदा साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या यजमानाच्या वडिलांचं श्राद्ध उरकलं. त्यांनी हात जोडून विचारलं, “झालं का हो गुरुजी सगळं?” बिंदुमाधवांच्या तोंडून निघालं, “बात खतम, बाबू...” आणि त्यांनी जीभ चावली. घरी येऊन त्यांनी हे मोठ्या संतापाने सांगितलं. “या सिनेमावाल्यांनी गावाची भाषा सडवली, विजू. माझ्या तोंडून! पिंडांच्या समोर!”

विद्युल्लताबाईंना हसू आलं. त्यांनी ते आमटीच्या वाटीत दडवलं.

मग सहामाही परीक्षा झाली. पेपरात एक साधं वाक्य होतं, संस्कृतात करायला: ‘बंदर पेड़ से भाग गया.’ साधं म्हणजे बाईंच्या मते साधं. हिंदीत बोलणाऱ्या मुलींचा तिथे हमखास घोटाळा व्हायचा. ‘चाकू से’ आणि ‘पेड़ से’ दोन्हींत ‘से’च, मग मुली डोळे मिटून तृतीया ठोकून द्यायच्या आणि माकड झाडाच्या साहाय्याने पळून जायचं. रेल्वेतल्या देशपांडे साहेबांची मुलगी बकुळ हिने तर आजवर एकही पंचमी बरोबर लिहिली नव्हती. तिच्या पेपरात बाईंनी वाचलं: ‘वानरः वृक्षात् फुर्रटम्.’

शिक्षिकांच्या खोलीत शेजारी बसलेल्या गणिताच्या बाईंनी ते डोकावून पाहिलं. “शून्य द्या सरळ,” त्या म्हणाल्या.

“थांबा,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “वृक्षात्. पंचमी आहे. बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी बकुळला उभं केलं. बकुळचा चेहरा पांढरा पडला.

“बहनजी, चुकून लिहिलं गेलं. क्रियापद आठवत नव्हतं.”

“क्रियापदाचं नंतर बघू. वृक्षात् कसं लिहिलंस? दर वेळी वृक्षेण लिहितेस.”

बकुळने विचार केला. “बहनजी, ‘भाग गया’ म्हटलं की काही दिसत नाही. ‘फुर्रटम्’ म्हटलं की माकड उडालेलं दिसतं, आणि झाड तिथेच राहिलेलं दिसतं.”

वेगळं होताना जे जागच्या जागी राहतं त्याची पंचमी, हे विद्युल्लताबाई वीस वर्षं फळ्यावर लिहीत आल्या होत्या. झाड राहिलेलं ‘दिसतं’ असं त्यांना आजवर एकाही मुलीने सांगितलं नव्हतं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फुर्रटम्. मग वळून विचारलं, “शब्द कुठल्या जातीचा? नाम, क्रियापद, की अव्यय?”

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, “क्रियापद, बहनजी. पळण्याची क्रिया आहे.”

“मग भूतकाळ सांग.”

“फुर्रटम् हो गया.”

“म्हणजे काळ ‘हो गया’ने दाखवला. फुर्रटम् तसंच राहिलं. अनेकवचन?”

“सब फुर्रटम्.”

“स्त्रीलिंग?”

“लड़की फुर्रटम्!” अख्खा वर्ग एकदम ओरडला आणि ओरडून घाबरला. पण बहनजींचा चेहरा उजळला होता. लिंग बदललं तरी बदलत नाही, वचन बदललं तरी नाही. म्हणजे अव्यय, असा निकाल लागला, तोही मुलींनीच लावला. तेवढ्यात बकुळने आणखी एक काडी टाकली. “बहनजी, मग ‘बाबू’ कोण? पळतो तो बाबू, की ज्याला सांगितलं जातंय तो बाबू?”

कर्ता की संबोधन! त्यावर वर्गाचे सरळ दोन तट पडले. घंटा वाजली तरी कुणी उठेना. शेजारच्या वर्गातून मुली खिडकीशी गोळा झाल्या. शेवटी प्राचार्याबाईंनी विद्युल्लताबाईंना बोलावून घेतलं.

“ऐकलं ते खरं का? तुम्ही वर्गात सिनेमा शिकवता?”

“सिनेमा नाही. पंचमी.”

प्राचार्याबाईंनी चष्मा काढून पुसला. दार बंद आहे ना ते पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “मग बाबू कोण ठरला?”

“ठरला नाही,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “तो नट वाक्य म्हणतो कसं, बाबूनंतर थांबतो की बाबूच्या आधी, ते ऐकल्याशिवाय ठरणार नाही.”

हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता सिनेमाला जावं लागणार. लहानपणी एकदा वडिलांबरोबर एक देवाचा सिनेमा पाहिला होता, तेवढाच. घरी येऊन त्यांनी वहिनींना हळूच विचारलं. प्रेमलावहिनींनी हातातली परात खाली ठेवली.

“वन्सं, तुम्ही हे मला आता विचारताय? अहो, मी लग्न होऊन आल्यापासून वाट बघतेय, या घरातून कुणीतरी मला पिक्चरला चला म्हणेल म्हणून!”

“दादाला काय सांगायचं?”

“सांगायचं, अभ्यासाला गेलो. खोटं थोडंच आहे?”

दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. थेटर गच्च भरलेलं. विद्युल्लताबाई खुर्चीच्या कडेवर ताठ बसल्या, कान टवकारून. पोलीस आले, नायक घेरला गेला, त्याने छाती पुढे काढली, तोंड उघडलं, आणि सगळं थेटर एका आवाजात गरजलं, “बात खतम, बाबू फुर्रटम्!” नटाचा आवाज त्यात कुठे बुडाला ते कळलंही नाही. पुन्हा घेराव, पुन्हा गर्जना. प्रत्येक वेळी तेच. शिट्ट्या, टाळ्या, पायांचा दणदणाट. आणि शेजारी प्रेमलावहिनी पदर खोचून सगळ्यांच्या वर ओरडत होत्या.

“वहिनी, तुम्ही तरी गप्प बसा! थांबतो कुठे ते ऐकायचंय.”

“मला नाही राहवत हो!”

मध्यंतरात दिवे लागले. पुढच्या रांगेतला एक उंच गृहस्थ शेंगदाण्याचा पुडा घेऊन वळला. धोतर, काळी टोपी, खांद्यावर उपरणं. ते वेणीमाधव गोरे होते. दत्तात्रेयशास्त्र्यांचे जुने विद्यार्थी, आता रामनगरच्या एका पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवणारे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी सुमेधा लग्न होऊन नागपूरला. सभासमारंभांत नमस्कार-चमत्कार व्हायचे, एवढीच बाईंशी हल्लीची ओळख. आत्ता त्यांचा घसा ओरडून बसला होता हे स्पष्ट होतं.

बाईंना पाहताच त्यांनी पुडा उपरण्याआड लपवला.

“मी,” गोरेशास्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाले, “एका शब्दाच्या संदर्भात आलो होतो.”

“मीपण,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “बाबू.”

शास्त्रीबुवांचे डोळे चमकले. “संबोधन!”

“कर्ता,” बाई म्हणाल्या.

“अशक्य. समोर पोलीस उभा आहे. त्याला उद्देशून आहे ते.”

“मग पळतो कोण? वाक्यात पळणारा हवा की नको?”

दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, मागच्यांनी “बैठ जाइए पंडितजी!” म्हणून आरडाओरडा केला. गोरेशास्त्री बसले, पण बसता बसता मान वळवून म्हणाले, “रंगपंचमीला सभेत या. तिथे बघू.”

रंगपंचमीला मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर मराठी मंडळींची एक सभा भरायची. होळीच्या दिवसांत काशीत थोरामोठ्यांना मूर्ख ठरवून त्यांचे सत्कार करतात, त्याच चालीवर; फक्त आपली बायकामुलं बसू शकतील इतपत सभ्य. कुणीतरी एखादा वेडगळ विषय घेऊन अगदी शास्त्रोक्त भाषण करायचं, दुसऱ्याने ते खोडायचं. बायका ऐकायला बसत. बोलायला आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं.

बहीण सभेत बोलणार हे बिंदुमाधवांना कळलं तेव्हा ते जेवणावरून उठायचेच बाकी राहिले. “विजू, दत्तात्रेयशास्त्र्यांची मुलगी तू. घाटावर उभी राहून फुर्रटम् म्हणणार?”

“दादा, तू पिंडांसमोर म्हणालास.”

प्रेमलावहिनींना ठसका लागला. बिंदुमाधवांनी मान खाली घालून भात कालवला. पण रंगपंचमीच्या दुपारी मात्र घाटावर पहिल्या पायरीवर जागा धरून बसलेले तेच होते.

त्या दिवशी घाट माणसांनी फुलला. ‘मोघे बहनजी बोलणार’ हे कळल्यावर बकुळ आणि तिचा सगळा वर्ग आला, प्राचार्याबाई आल्या. अध्यक्ष होते रत्नाकरराव दाणी, रेल्वेतून रिटायर झालेले, गोल, गोरेपान आणि अत्यंत गंभीर. अख्खी गल्ली त्यांना ‘बाबूजी’ म्हणायची. रिवाजाप्रमाणे त्यांना हार घालण्यात आला: मुळ्याचा पाला, फुलकोबीची पानं आणि मधे मधे गाजरं. बाबूजी हार सांभाळत खुर्चीवर बसले.

विद्युल्लताबाई उभ्या राहिल्या. निळी सुती साडी, नेहमीचा ताठ कणा, चेहऱ्यावर रेष हललेली नाही. वर्गात बोलत तशाच त्या बोलू लागल्या.

“सभाजनहो, प्रस्तुत वाक्यात चार पदं आहेत. ‘बात’ हे आपल्या मातीतलं. ‘खतम’ अरबस्तानातून आलेलं. ‘बाबू’ कुठला, यावर बंगाल आणि बिहारमध्ये अजून वाद चालू आहे. आणि ‘फुर्रटम्’ पाखराच्या पंखांतून निघालेलं. चार ठिकाणची चार मंडळी एका वाक्यात नांदतायत आणि भांडत नाहीत. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीने याची नोंद घ्यावी.”

गणपतीच्या वर्गणीवरून कार्यकारिणीचे नुकतेच दोन गट पडले होते. एका गटाने हसून दाद दिली, दुसऱ्याने त्याहून मोठ्याने.

“आता फुर्रटम्. मूळ शब्द ‘फुर्र’. चिमणी उडताना होतो. त्याला ‘टम्’ हा प्रत्यय. सूत्र असं: ‘फुर्रात् टम् पलायने.’ पळून जाणे या अर्थी फुर्र शब्दाला टम् लागतो.”

गर्दीतून एक पंडितजी ओरडले, “हे सूत्र कुठल्या ग्रंथातलं?”

“आज सकाळी पोळ्या लाटताना झालं. ग्रंथ व्हायचाय.”

गोरेशास्त्री उठले. “शंका आहे. नुसतं ‘फुर्रम्’ का नाही? मध्ये ‘ट’ कशासाठी?”

“‘ट’ हा धक्का आहे. फुर्रम् म्हटलं तर चिमणी उडेल. ट्रक उडवायचा तर ‘ट’ लागतोच.”

घाटावर हशा उसळला. बाई थांबल्या. नेहमीच्या सवयीने त्या हा विनोद का झाला ते समजावून सांगणार होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की गरजच नाही. लोक आधीच हसतायत. त्यांना आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं.

“या सूत्राला एक पुरवणी आहे,” त्या म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात खोडकरपणा आला. “‘परीक्षायां नित्यम्.’ इतर वेळी पळणं ऐच्छिक. परीक्षेत मात्र नेहमीच.” बकुळच्या वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. “फुर्रटम् शब्दाला लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. पुरुष पळो, बाई पळो, माकड पळो, तो सगळ्यांना सारखाच लागतो. म्हणून मी त्याला अव्यय म्हणते. आमच्या वहिनी त्याला न्याय म्हणतात.”

यावर बायकांच्या बाजूने जो गलका झाला तो गंगेपलीकडच्या वाळूपर्यंत पोचला असेल. पहिल्या पायरीवर बिंदुमाधव उपरण्यात तोंड खुपसून गदगदत होते.

“राहिला बाबू,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “माझ्या मते बाबू हा कर्ता. फुर्रटम् होतो तो बाबू.”

गोरेशास्त्री पुढे आले. “सभापती महाराज, बाबू हे संबोधन आहे. अर्थ असा: हे बाबू, गोष्ट संपली, मी चाललो. पळणारा ‘मी’. तो वाक्यात दिसत नाही, पण असतो. जसा झाकलेला घट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नसतो असं नव्हे.”

“घट!” विद्युल्लताबाईंनी हात जोडले. “मंडळी, न्यायशास्त्रात हजारो वर्षं सगळी उदाहरणं मडक्याचीच. ते जमिनीवर ठेवलेलं आहे, की नाही, की फुटलं. गोरे, बिचाऱ्या मडक्याला एकदा तरी फुर्रटम् होऊ द्या.”

आता गोरेशास्त्रीच इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. पण हार मानायला ते तयार नव्हते. डोळे पुसत उठून म्हणाले, “हसण्याने सिद्ध होत नाही. प्रमाण द्या. जो वाक्यात नाही त्याला पळवायला तुमची हरकत आहे. पण बाबू पळतो हे कुणी कधी पाहिलंय? दाखवा. एक बाबू पळताना दाखवा, मी पक्ष सोडतो.”

इकडे हा वाद रंगला असताना वरच्या गल्लीतून एक सांड घाटावर उतरला. काशीत सांडाला कुणी अडवत नाही आणि तोही कुणाला विचारत नाही. गर्दी आपोआप दुभंगली. सांड एकेक पायरी उतरत, मान हलवत, शांतपणे थेट अध्यक्षांच्या खुर्चीकडे आला. मुळ्याच्या पाल्याचा वास त्याला लांबूनच लागला असावा. बाबूजी वाद ऐकण्यात गढलेले. त्यांच्या मानेवर गरम श्वास आला. ते “एक मिनिट” म्हणाले. मग त्यांनी वळून पाहिलं.

असं म्हणतात की रत्नाकरराव दाणी रेल्वेत असताना कधी गाडीमागेही धावले नव्हते. त्या दिवशी ते उठले ते खुर्ची उलथवून, आणि हार उडवत पायऱ्या उतरले. मागून सांड. खाली गंगा नावाच्या मल्लाहाची नाव बांधलेली होती. बाबूजींनी तीत उडी घेतली, गंगाने लगोलग दोर सोडला, आणि अध्यक्ष महाराज गाजरांसकट पाण्यावर गेले.

आणि मग घाटावरचे लहानथोर सगळे, पंडित, पोरी, प्राचार्याबाई, एका सुरात: “बात खतम, बाबू फुर्रटम्!”

गोरेशास्त्री दोन्ही हात वर करून उभे होते. गलका शांत झाल्यावर ते म्हणाले, “सर्व प्रमाणांत प्रत्यक्ष श्रेष्ठ. बाबू कर्ता, हे आज प्रत्यक्ष पाहिलं. मी पक्ष सोडतो.” त्यांनी वाकून विद्युल्लताबाईंना नमस्कार केला. आणि विद्युल्लताबाई, पोटावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सगळ्यांच्या देखत हसत होत्या. आमच्यापैकी कुणी ते हसणं आधी ऐकलं नव्हतं. थोडं घोगरं, मध्येच अडखळणारं, आणि एकदा सुरू झालं की न थांबणारं. बाबूजींनी नावेतून हार सांडाकडे फेकला, तोही ऐटीत, आणि किनाऱ्यावर आल्यावर पुढच्या वर्षीचं अध्यक्षपदही तिथल्या तिथे स्वीकारलं.

पुढच्या रविवारी सकाळी गोरेशास्त्री रामनगरहून नावेने आले. बिंदुमाधव ओसरीवर पोथ्या उन्हात मांडत होते. दोघं बालमित्र.

“ये वेणी. पुन्हा हरायला आलास काय?”

“बिंदू, बस जरा. मला विद्युल्लताबाईंना मागणी घालायची आहे.”

बिंदुमाधवांना आधी वाटलं हाही सभेतलाच उरलेला विनोद. मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्यांनी हातातली पोथी खाली ठेवली. “अरे, वय काय झालं तिचं. तुझं काय झालं!”

“म्हणून तर. मला बावन्न वर्षं झाली, सुमेधाच्या आईला जाऊन बारा. या बारा वर्षांत माझ्याशी घरात कुणी वाद घातला नाही. मी बोलतो आणि माझंच खरं ठरतं. त्याचा कंटाळा येतो, बिंदू. सुमेधाला विचारून आलोय. ती म्हणाली, बाबा, लवकर जा.”

“लोक काय म्हणतील?”

आतून प्रेमलावहिनींचा आवाज आला, “लोकांचं मी बघते. तुम्ही आधी वन्संना विचारा!” आणि त्यांनी स्वतःच जाऊन विचारलंसुद्धा.

विद्युल्लताबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. ऐकून त्यांनी एक चादर झटकली, टाकली, पुन्हा काढली आणि पुन्हा झटकली. त्यांना भीती वाटली होती आणि आनंदही, आणि दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं याला त्यांच्याजवळ नियम नव्हता.

“वहिनी, मला संसार येत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या.

“आणि इतकी वर्षं या घरात काय केलंत? आमचं सगळं तुम्हीच तर सांभाळलंत.”

“ते तुमचं होतं.”

“मग आता तुमचं करा,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

विद्युल्लताबाई खाली आल्या. ओसरीवर उभ्या राहूनच म्हणाल्या, “मी नोकरी सोडणार नाही. रोज रामनगरहून येईन.”

“नाव आहे,” गोरेशास्त्री म्हणाले. “उन्हाळ्या-हिवाळ्यात पिंपांवरचा तरंगता पीपा पूल आहे.”

“पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात राजघाटच्या पुलावरून वळसा. मी सोबत येईन.”

“आणि आपण दोघांनी हरायचं कबूल करायचं. आलटून पालटून नाही. ज्याचं चुकेल त्याने.”

“हे जड जाईल,” गोरेशास्त्री प्रामाणिकपणे म्हणाले. “पण करू.”

ज्येष्ठात लग्न झालं, घरातल्या घरात. लोक बोलले, आठवडाभर बोलले. मग त्यांतलेच अर्धेअधिक जेवायला आले. बकुळने आणि तिच्या वर्गाने मिळून संस्कृतात मंगलाष्टक रचलं. त्यात दोन विभक्ती चुकल्या होत्या. अंतरपाटापलीकडून नवरीने त्या दोन्ही ठिकाणी घसा साफ केला, आणि मुलींनी तिथल्या तिथे सुधारून पुढे म्हटलं. बकुळ बोर्डात संस्कृतात चांगल्या मार्कांनी पास झाली. तो सिनेमा थेटरातून उतरला, दुसरा लागला, लोकांच्या तोंडी दुसरंच काहीतरी आलं.

त्या वर्षी भाऊबीजेला बिंदुमाधव सकाळपासून तयार होऊन बसले होते. नवं धोतर, नवी टोपी, हातात अत्तराची कुपी आणि बहिणीसाठी बनारसी साडी, प्रेमलावहिनींनी स्वतः निवडलेली. आजवर त्यांची भाऊबीज घरातल्या घरात व्हायची. स्वयंपाकघरातून उठून ओसरीवर येऊन बसलं की झालं. बहिणीच्या घरी भाऊ म्हणून जायचा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. नावेत ते प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगत राहिले, “बहिणीकडे चाललोय. रामनगरला. बोलावणं आहे.”

रामनगरच्या घरात पाटाभोवती रांगोळी काढलेली होती. विद्युल्लताबाईंनी ओवाळलं, गोरेशास्त्र्यांनी आग्रह कर करून बासुंदी वाढली. जेवण इतकं झालं की बिंदुमाधव हात धुऊन झोपाळ्यावर टेकले ते तिथेच झोपी गेले. प्रेमलावहिनी शेजारच्या बायकांशी ओळखी करून घ्यायला केव्हाच बाहेर पडल्या होत्या. झोपाळ्याशेजारीच गोरेशास्त्री आणि विद्युल्लताबाईंचा सकाळचा अर्धवट राहिलेला वाद पुन्हा सुरू झाला, पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात.

“तुमचं चुकतंय,” बाई कुजबुजल्या.

“थोडंसं,” शास्त्रीबुवा कुजबुजले, आणि झोपाळ्याला हळूच एक झोका दिला.